गौरम्माचं दुसरं बोलावणं

बाभळपेठेत लग्न निघालं की नवरीला हळद लागायच्या आधी गौरम्माच्या टाचांना एरंडेल लागायचं. लावणारा तिचा नवरा चन्नबसप्पा. जन्मभर अडतीत तोलाई केलेला माणूस, आता गुडघे गेल्यामुळं ओट्यावर बसून फक्त बोलणं तोलायचा. तेल चोळता चोळता म्हणायचा, "घोड्याला खरारा करून राहिलो." त्यावर गौरम्मा म्हणायची, "करा. घोडं बसलं तर लग्नातल्या गोड हुग्गीची वाटी कोण आणून देईल तुम्हाला?"

पेठेतलं आवतन गौरम्माचं होतं. लग्न असो, पाळणा असो, नव्या घराची वास्तुशांत असो, बोलवायला तीच जायची. कुंकवाचा करंडा हातात, पदर खोचलेला, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. आदल्या दिवशी पहिलं बोलावणं. दारात उभं राहायचं आणि कुणाकडं कार्य आहे, कधी आहे आणि आवतन कसलं आहे ते सांगायचं. घरटी एक माणूस, की नुसत्या बायका, की चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटायचीच नाही, तान्ह्यापासून म्हातारीपर्यंत सगळे मांडवात. मग कार्याच्या दिवशी, मुहूर्ताच्या आधी, दुसरं बोलावणं. "वेळ झाली, चला."

हे दुसरं बोलावणं आल्याशिवाय पेठेतला माणूस उंबरा ओलांडत नसे. आंघोळ करून, धुतलेलं नेसून, पोटात कावळे ओरडत असले तरी बाजेवर बसून राही. पेठेत म्हणत, पहिल्या बोलावण्याला निघतो तो भुकेला, दुसऱ्याला निघतो तो पाव्हणा. भुकेले सगळेच असत, पण ते कुणी कबूल करत नसे.

गौरम्माला हे काम तिच्या सासूकडून, नागम्माकडून आलं. मुखेडकडनं चौदाव्या वर्षी सून होऊन आली, तेव्हा सासूनं जात्यावर बसवून तिच्याकडनं दारं म्हणून घेतली होती. पहिलं दार अमृतरावाचं, दुसरं शिवम्माचं, तिसरं मणियारांचं, असं थेट शेवटच्या चिंचेपर्यंत. बेचाळीस दारं, अठ्ठावन्न चुली. कुठल्या दाराशी कुणाशी बोलायचं, कुठल्या दोन चुली एका छपराखाली असून एकमेकींचं तोंड बघत नाहीत, म्हणजे तिथं दोनदा बोलवायचं, हे सगळं त्या म्हणण्यात होतं. गौरम्माला अक्षर येत नव्हतं. तिला त्याची कधी गरजही पडली नाही. पेठ तिला पाठ होती.

अडचण एवढीच झाली की पेठ एका जागी थांबेना.

बाभळपेठ म्हणजे तेव्हा लातूरच्या बाहेर मैलभर अंतरावर, मध्ये नुसतं रान. बहात्तरच्या दुष्काळात त्या रानात खडी फोडायचं सरकारी काम निघालं. मुखेड, शिरूर अनंतपाळ, कुठनं कुठनं माणसं आली, सरकारी सुकडी खाऊन तगली आणि पुढं पाऊस पडल्यावर घरी जायचं विसरली. पेठेनं त्यांच्या झोपड्यांना नाव ठेवलं सुकडी वस्ती. नाव ठेवताना सगळे हसले. दहा वर्षांनी त्याच वस्तीतल्या माणसांशिवाय पेठेतल्या एकाही अडतीत पोतं हलेना, तेव्हा हसणं जरा कमी झालं. गौरम्मानं मात्र पहिल्याच वर्षी वस्तीतल्या एकतीस चुली आपल्या म्हणण्यात घातल्या होत्या. शेठ लोकांनी कुरकुर केली की तीन धोंडे म्हणजे काय चूल का? ती म्हणाली, भाकर भाजते ना, मग चूल.

नंतर ब्याऐंशी साली लातूरचा जिल्हा झाला. उस्मानाबादच्या चकरा वाचल्या म्हणून पेठेनं पेढे वाटले, आणि पेढ्यांचे हात धुवायच्या आत साहेब लोक आले. जिथं पिढ्यान् पिढ्या पेठ सकाळी तांब्या घेऊन जात होती, तिथं सरकारी कॉलनी उभी राहिली. छत्तीस घरं. अमृतरावांनी लोखंडी फाटकातनं एका घरात डोकावून बघितलं आणि परत येऊन सांगितलं, "माझ्या साठ वर्षांच्या जागेवर त्यानं सोफा टाकलाय." रान संपलं, रस्ता डांबरी झाला, नगरपालिकेनं पेठेला वॉर्डाचा नंबर दिला. पेठ कधी लातुरात गेली नाही. लातूरच चालत पेठेत आलं आणि बसायला पाट मागायला लागलं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात गुरुबसप्पाच्या थोरल्या मुलीचं, उमादेवीचं, लग्न निघालं. गुरुबसप्पा पेठेतला मोठा अडत्या. मुलगी उदगीरच्या शरणप्पांकडं द्यायची होती, तिथंही धान्याचाच व्यापार, म्हणजे दोन्हीकडं तराजू. त्या साली पुन्हा पाऊस रुसलेला. लग्नाची तारीख मठाच्या स्वामींनी काढली आणि पाण्याच्या टँकरची नगरपालिकेनं. दोन्ही एकाच दिवशी आल्या म्हणून लग्न ठरलं, असं पेठेत बोलत.

गुरुबसप्पानं गौरम्माला बोलावून घेतलं आणि गुळगुळीत कागदाची एक पत्रिका दाखवली. बाहेरगावच्यांसाठी पाचशे छापल्या होत्या. पेठेसाठी, वस्तीसाठी आणि कॉलनीसाठीही छापून टाकाव्यात, असं त्याच्या मनात होतं. कॉलनीतले लोक कचेरीत रोज भेटतात, त्यांच्यासमोर शोभायला नको का?

"गौराक्का, तुझं वय झालं," तो म्हणाला. "सव्वाशे चुली झाल्या आता. कुठं कुठं फिरशील?"

"वय तुझं पण झालं," ती म्हणाली. "तू अडत बंद केलीस का?"

गुरुबसप्पाला हसू आलं, पण व्यापारी हसला तरी अट घालतोच. या लग्नाला आवतन तिचंच. पण उदगीरकरांसमोर काही कमी-जास्त झालं, तर धाकट्या मुलीच्या लग्नापासून घरोघर पत्रिका जाईल. एकदा त्यानं सुरू केलं की पेठ त्याचंच बघून करणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

घरी आल्यावर चन्नबसप्पा म्हणाला, बरं झालं, बस की आता निवांत. गौरम्मा पाय पसरून बसली. मग म्हणाली, "आवतन गेल्यावर मी कोण हो? तुमची बायको. तेवढंच." चन्नबसप्पाला यात वाईट काय ते कळलं नाही, पण त्यानं तेलाची बाटली पुढं ओढली.

पहिलं बोलावणं तिनं लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळीच सुरू केलं. पेठ झाली, वस्ती झाली. कॉलनीत मात्र दर दाराला खोळंबा. घंटी दाबायची, मग आतून कोण म्हणून विचारणार, मग दार अर्धंच उघडणार. चूलबंद म्हटल्यावर एक इंजिनिअर म्हणाला की आमच्याकडं गॅस आहे. "मग गॅस बंद," गौरम्मानं सांगितलं आणि पुढं निघाली. पुढच्या दाराला देवस्थळीबाई होत्या, पुण्याच्या. त्यांनी वही-पेन्सिल आणली.

"किती वाजता यायचं?"

"मुहूर्त बारा पस्तीसला हाय. पण तुम्ही घरीच थांबा. उद्या मी परत बोलवायला येते, मग निघा."

"परत कशाला? आत्ताच तर सांगितलंत."

गौरम्मानं त्यांच्याकडं नीट बघितलं. आत्ताच सांगितलं म्हणून हे लोक खरंच निघतील, की सांगून झालं म्हणून विसरतील, याचा तिला अंदाज येईना.

संध्याकाळी पाय भाकरीसारखे टम्म फुगले. दुसऱ्या दिवशी एका सकाळीत एकशे पंचवीस चुलींना दुसरं बोलावणं करणं या पायांना जमणार नव्हतं. काहीतरी गाळावं लागणार होतं. तिनं विचार केला: वस्तीतली आणि कॉलनीतली माणसं परकी, रीत माहीत नसलेली, त्यांना हाताला धरून आणलं पाहिजे. पेठेतली घरचीच. त्यांना लग्न माहीत, मुहूर्त माहीत, मांडव तर दारातनं दिसतो. घरच्यांना काय दोनदा बोलवायचं?

चाळीस वर्षांत तिनं केलेली ही पहिली चूक, आणि ती तिनं विचार करून केली.

लग्नाच्या दिवशी सकाळी दहापासून ती वस्तीत आणि कॉलनीत फिरली. माणसंही ऐकणारी. देवस्थळीबाई तर ती पोचायच्या आधीच घड्याळ घालून फाटकात उभ्या होत्या. बाराला पाच कमी असताना गौरम्मा मांडवात आली, एका खांबाला टेकली आणि बघतच राहिली. मांडव गच्च भरलेला. तिला वाटलं, जिंकले.

मग तिनं गुरुबसप्पाकडं बघितलं. तो दाराशी हात जोडून उभा होता आणि "या, या" म्हणत होता, पण त्याच्या डोळ्यांत कुणाचीच ओळख नव्हती. साहेब येत होते, साहेबांच्या मेव्हण्या येत होत्या, कुणाच्या तरी खोलीवर राहणारी कॉलेजची चार पोरं एकाच कंगव्यानं भांग पाडून आली होती. बाहेरगावचे पाव्हणे सोडले तर मांडवात गुरुबसप्पाच्या ओळखीचा म्हणावा असा फक्त वस्तीतल्या हमालांचा घोळका होता. स्वतःच्या लेकीच्या लग्नात माणूस पाव्हण्यासारखा दिसत होता.

हे उदगीरच्या शरणप्पांच्याही लक्षात आलं. शरणप्पा मापाचे पक्के. त्यांनी व्याह्याला जवळ बोलावलं.

"गुरुबसप्पा, पेठेतलं कोण दिसून नाही राहिलं."

"येतील की. येऊनच राहिलेत."

"हे पुढं बसलेत ते कोण?"

गुरुबसप्पानं पुढच्या रांगेकडं बघितलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "साहेब असतील."

शरणप्पांनी आपल्या थोरल्या भावाच्या कानात काही सांगितलं. भावानं मान हलवली. ज्या घरच्या लग्नाला शेजार येत नाही, त्या घराला पेठेनं टाकलेलं असतं. हे उदगीर काय, देगलूर काय, कुठंही असंच समजतात. थोड्या वेळानं उदगीरकरांकडनं निरोप आला की घाई नको, पेठेतली मंडळी आल्यावर अक्षता टाकू. निरोप गोड होता, पण मुहूर्त तर बारा पस्तीसचा. गुरुबसप्पानं मांडवभर नजर फिरवली आणि ती गौरम्मावर येऊन थांबली.

तेवढ्यात सुलतानबी आली. पेठेतल्या तिसऱ्या दारातली, मणियारांची. घरोघर बांगड्या भरायची, गौरम्माची चाळीस वर्षांची मैत्रीण. ती धापा टाकत होती, पण हसतही होती.

"अगे गौरम्मा, तू क्या करी? तेरे सब बुड्ढे खाट पे बैठे हैं, कडक धोतरां पेन के. तेरी राह देखरे."

"वेळ ठाऊक हाय ना त्यांना?"

"वेळ मालूम है. पन तू कहां आयी? कॉलनी में दो बार गयी बोलते, पेठ में एक बार. अमृतराव ने गच्ची पर से गिन्ती किया." सुलतानबीनं पदरानं तोंड पुसलं. "मैं तो बेशरम, बिनबुलाये आ गयी."

मांडवासमोरचं पहिलंच दार अमृतरावांचं. गौरम्मा तशीच उन्हात तिकडं निघाली. अमृतराव अठ्ठ्याहत्तरचे, बंद गळ्याचा कोट, मांडीवर फेटा, भिंतीला टेकून भिंतीकडंच बघत बसलेले. घरातली चूल सकाळपासून गार, हे दारातच कळत होतं. त्यांनी गौरम्माकडं बघितलं नाही.

"काका, चला."

"कॉलनीला दोनदा. आम्हाला एकदा."

"ते परके हायेत, काका. तुम्ही घरचे. म्हणून म्हटलं..."

"परक्याला काय गं," अमृतराव भिंतीला म्हणाले, "तो कुठंही जेवतो. मान लागतो तो घरच्याला."

गौरम्माच्या सासूनं तिला हेच शिकवलं होतं. ती उंबऱ्यावर बसली. उतारवयाचं माणूस उंबऱ्यावर बसलं की घरच्यांना उठावंच लागतं, आणि अमृतराव शेवटी घरचेच. त्यांनी फेटा डोक्यावर ठेवला.

"मी येतो. तुझ्यासाठी नाही, भूक लागलीय म्हणून. पण बाकीच्या चाळीस दारांचं काय? बारा वीस झालेत."

चाळीस दारं, पंधरा मिनिटं आणि हे पाय. गौरम्मानं हिशेब केला आणि तो कुठूनही बसेना. इतक्यात अमृतरावांच्या लिंबावर बांधलेला भोंगा सनईनं असा खणखणला की दोघांचंही बोलणं बुडालं. गौरम्मानं वर बघितलं. भोंगे तीन होते, एक इथं, एक देवळाजवळ, एक पार चिंचेवर. पूर्ण पेठेला सनई ऐकू जात होती.

लाउडस्पीकर सुलतानबीच्या फारूकचा. मांडवाच्या कोपऱ्यात तबकडी वाजवत बसला होता. गौरम्मानं सनई बंद करायला सांगितली आणि माइक मागितला. जन्मात तिनं तो हातात धरला नव्हता. फारूक म्हणाला, "बोलो खाला. मुंह जरा दूर." मांडवातले सगळे, उदगीरकरांसकट, तिच्याकडं बघायला लागले. तिनं डोळे मिटले, जातं आठवलं आणि दुसऱ्या दारापासून सुरुवात केली.

"शिवम्मा, वेळ झाली, अक्षतेला चल. सून बोलत नसली तरी दोघी एकाच दारानं निघा. मी दोघींना बोलवून राहिले. लक्ष्मम्मा, वेळ झाली, चल. तुझी ती हिरवी पैठणी कपाटात ठेवून म्हातारी होईल, नेस आज. व्यंकटी, वेळ झाली. मिशीला काळं लावून झालं असंल तर निघ, वाळंल वाटेत."

मांडवात कुणीतरी फसकन हसलं. गौरम्मा थांबली नाही. घर घर, चूल चूल, नावानिशी. कुणाचा गुडघा, कुणाचा जावई, कोण कुणाशेजारी बसणार नाही म्हणून त्याला कुठं बसवलंय, सगळं तीन भोंग्यांतनं लातूरवर पसरत गेलं. आवतन तेच होतं. फक्त आजवर ते ज्याचं त्याच्या दारात राहायचं.

विसाव्या दारापर्यंत ती पोचली आणि माणसं यायला लागली. आधी चालत, मग भराभरा. मान मिळाला होता हे खरंच, पण आपल्याबद्दल ही आणखी काय बोलेल या भीतीनं जास्त. तिसाव्या दारानंतरचे तर नाव यायच्या आधीच पळत आले. व्यंकटी तोंडावर रुमाल धरून आला. शिवम्मा आणि तिची सून एकाच दारानं निघाल्या, कारण दुसऱ्या दारानं निघायची आता सोय राहिली नव्हती.

शरणप्पा विचारत होते, हे कोण, ते कोण. गुरुबसप्पा आता न अडखळता सांगत होता, नाव, बापाचं नाव, अडतीचा नंबर. चाळिसाव्या नावाला शरणप्पाच म्हणाले, "पुरे, कळलं. अक्षता वाटा." लग्न मुहूर्तावर, म्हणजे आपल्याकडच्या मुहूर्तावर, बारा बावन्नला लागलं.

हुग्गी वाढली जात असताना गुरुबसप्पा गौरम्माजवळ आला. "पत्रिका छापायच्या न्हाईत," एवढंच म्हणाला. मग थोडं थांबून, "पण कॉलनीला छापाव्या लागतील. त्यांची नावं कुठं ठाऊक हायेत तुला?"

हे त्यानं सहज म्हटलं, आणि बरोबर म्हटलं. तिला ते तिथंच टोचलं. त्यातच हात धुताना देवस्थळीबाईंनी तिला गाठलं. त्या रागावल्या होत्या, पुण्याच्या पद्धतीनं, म्हणजे हसून.

"सगळ्या पेठेला नावानं बोलावलंत. आम्हाला मात्र दारात 'चला हो बाई' एवढंच. आम्ही वेळेवर आलो हा आमचा गुन्हा झाला का?"

"तुमचं नाव मला ठाऊक न्हाई, बाई."

"विचारायचं होतंत."

गौरम्मानं दुसऱ्याच आठवड्यापासून विचारायला सुरुवात केली. सुलतानबी बांगड्या भरायला कॉलनीत जायची, तिच्याबरोबर ही जाऊन बसायची. पहिलं दार इंजिनिअरांचं, दुसरं देवस्थळ्यांचं, बाईंचं नाव विमल, एक गॅस, माणसं तीन, सासू चातुर्मासात कांदा खात नाही. तिसरं दार कुलकर्णी तलाठ्यांचं, त्यांना कलेक्टर कचेरीतले म्हटलेलं आवडतं. चन्नबसप्पा ओट्यावर बसून तिच्याकडनं म्हणून घेऊ लागला, आणि ती चुकली की नागम्मासारखा खाकरायचा. पावसाळा गेला, संक्रांत गेली. शिवरात्रीपर्यंत छत्तीस दारं तिच्या तोंडात बसली, पेठेइतकी घट्ट. गुरुबसप्पाला तिनं एकदा वाटेत थांबवून सगळी म्हणून दाखवली. त्यानं ऐकली, मान डोलवली आणि अडत उघडायला उशीर झाला म्हणून पळाला. धाकटीच्या लग्नाला कॉलनीसाठी एकही पत्रिका छापायची नाही, असं तो जाता जाता म्हणाला.

आषाढात व्यंकटीच्या नातवाचा पाळणा निघाला. गौरम्मानं टाचांना एरंडेल लावून घेतलं, पेठ केली, वस्ती केली आणि कॉलनीत शिरली. पहिलं दार झालं. देवस्थळीबाईंना तिनं विमलबाई म्हणून हाक मारली, त्या लाजल्या. ती तिसऱ्या दाराशी गेली, घंटी दाबली आणि दार उघडायच्या आधीच म्हणायला लागली, "कुलकर्णी, व्यंकटीकडं पाळणा हाय, चूलबंद..."

दार उघडलं. समोर बनियनमधला एक तरुण माणूस, हातात हातोडी, मागं खोक्यांची रास.

"कुलकर्णी गेले. त्यांची बदली नांदेडला झाली. मी परवाच आलो, धुळ्याहून."

गौरम्मानं पुढच्या फाटकाकडं बघितलं. तिथंही टेम्पोतनं कपाट उतरत होतं. त्याच्या पलीकडं खिडकीला नवे पडदे. जूनच्या बदल्या म्हणे. छत्तिसांतली अकरा दारं बदलली होती, हे तिला त्या माणसानंच सांगितलं. ती त्याच्या पायरीवर टेकली. वर्षभर घोटलेलं सगळं असं मधूनमधून गळून गेलं होतं, आणि पुढच्या जूनला उरलेलंही जाणार होतं. करंडा तिनं मांडीवर ठेवला.

तो माणूस जरा घोटाळला. आत जाऊन पाण्याचा पेला घेऊन आला. तिनं पाणी पिऊन पदरानं तोंड पुसलं.

"बरं," ती म्हणाली. "नाव काय तुझं? आणि आत किती माणसं हायेत, त्यांची पण सांग. सावकाश सांग."

"मावशी, तुम्ही जनगणनेच्या का?"

"जनगणना दहा वर्सांतनं एकदा असते, बाबा. माझं दर सालाचं हाय. सांग."